मांडीवरचे पुस्तक

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. पाचवी ते सातवीची मुले आणि आम्ही चार शिक्षक. इतिहास हा आमचा विषय असल्याने माहिती सांगण्याचे काम ओघानेच आमच्या वाट्याला आले. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात आम्ही वाकाटक राजवंश, हरिषेणाचा काळ, पाचवे शतक, गिलाव्यावर रंग चढविण्याची पद्धत असे सारे यथासांग सांगत होतो. मुले माना डोलावत होती; पण त्यांचे डोळे आमच्याकडे नव्हते. पाचवीतला एक मुलगा घोळका सोडून भिंतीपाशी थांबला होता. वसतिगृहात दाखल होऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. आईवडील ऊसतोडीला गेलेले. तो फारसा कोणाशी बोलत नसे. आम्ही जवळ गेलो, तेव्हा त्याने मान न वळवताच विचारले, "सर, ह्यो हत्ती खात का न्हाई?"

ते मातृपोषक जातकाचे चित्र होते. आंधळ्या आईचा सांभाळ करणाऱ्या पांढऱ्या हत्तीला काशीचा राजा पकडून आणतो. उत्तम चारा समोर ठेवूनही हत्ती तोंड लावत नाही. अरण्यात आई उपाशी असेल, या विचाराने त्याला घास जात नाही. राजाला हे कळते आणि तो हत्तीला मुक्त करतो. आम्ही कथा सांगितली. मुलगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग त्याला घरी सोडलं का?"

"सोडलं."

"किती दिसांनी?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या इतिहासाच्या पदव्युत्तर पदवीत नव्हते. सहा महिन्यांत त्या मुलाने घराविषयी एक शब्द उच्चारला नव्हता. पंधराशे वर्षांपूर्वी कोणा अनाम चित्रकाराने रंगविलेल्या हत्तीच्या तोंडून तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. परतीच्या प्रवासात तो आमच्या शेजारी येऊन बसला आणि आईविषयी, धाकट्या बहिणीविषयी, फडावरच्या कोपीविषयी बोलत राहिला.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागविण्यात आला, तेव्हा संस्थेची वाटचाल, निकालांची परंपरा, गुणवंत विद्यार्थी या विषयांवर लिहिणारे अनेक जण आहेत, हे आम्ही जाणून होतो. म्हणून आम्ही एक लहानसा वाटणारा विषय निवडला आहे: चित्रांची पुस्तके आणि ती मुलांच्या शेजारी बसून वाचणे. हा विषय शिशुवर्गाचा आहे, असे काहींना वाटेल. आमचे मत वेगळे आहे. ज्या शाळेत मुले आईच्या मांडीपासून दूर राहून शिकतात, त्या शाळेत हा विषय सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत नवी नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहूतच्या स्तूपाचे कठडे आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. त्यांवर जातककथा कोरल्या आहेत आणि त्यांतील अनेक शिल्पांखाली किंवा शेजारी ब्राह्मी लिपीत कथेचे नाव दिले आहे. चित्र आणि त्यालगत दोन-चार शब्द: चित्रपुस्तकाच्या पानाची मांडणी आजही हीच असते. त्या काळी अक्षर ओळखणारे थोडे होते. म्हणजे कठड्यापाशी उभा राहून कोणीतरी बोट दाखवत असणार, कोणीतरी ऐकत असणार आणि एखादे मूल मध्येच प्रश्न विचारत असणार, असा तर्क आम्हास करावासा वाटतो.

आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने प्रसंग सांगतो. भारहूत असो वा पिंगुळी, चित्राला आवाजाची जोड आहे आणि आवाजाला श्रोत्याची. यांतले एक वगळले, तरी गोष्ट पुढे सरकत नाही.

मुलांसाठी म्हणून छापलेल्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञापासून आरंभ करतात. त्याचे 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात दीडशे प्रकरणे होती. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा आणि त्या आकड्यासमोर लॅटिन व जर्मन शब्द. धर्मयुद्धाच्या आगीत या माणसाचे घरदार गेले होते आणि उर्वरित आयुष्य त्याने परागंदा अवस्थेत काढले होते. गरीब-श्रीमंत, मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांना शिकवावे, हा त्याचा आग्रह होता. मुलांसाठीचे पहिले चित्रपुस्तक मानले जाणारे हे पुस्तक सर्वांच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या, बेघर झालेल्या माणसाच्या हातून घडले, हे आम्हास अर्थपूर्ण वाटते.

साडेतीन शतके उलटली, छपाईची तंत्रे बदलली, तरी या पुस्तकांची ओढ का ओसरत नाही? एका उदाहरणाने हे सांगता येईल. पॅट हचिन्स या इंग्रज लेखिकेचे 'रोझीज वॉक' नावाचे पुस्तक १९६८ साली निघाले. संपूर्ण पुस्तकात मिळून बत्तीस शब्द. एक कोंबडी अंगणातून, तळ्याकाठून, गवताच्या गंजीवरून फेरफटका मारते आणि वेळेवर घरी परतते, एवढेच ते शब्द सांगतात. चित्रांत मात्र पहिल्या पानापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो दर वेळी झडप घालतो आणि दर वेळी फजीत होतो. या कोल्ह्याचा शब्दांत कोठेही उल्लेख नाही. मोठा माणूस अक्षरे वाचत जातो आणि मूल ओरडते, "मागे बघा, कोल्हा!"

त्या क्षणी काय घडते, ते नीट पाहावे. वाचणाऱ्याला जे ठाऊक नाही, ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. अक्षरे मोठ्याच्या ताब्यात आहेत, पण चित्र मुलाच्या ताब्यात आहे. शाळेत दिवसभर आम्ही सांगतो आणि मुले ऐकतात. आम्ही प्रश्न विचारतो आणि उत्तर आम्हाला आधीपासून ठाऊक असते. चित्रपुस्तकाच्या पानावर हा व्यवहार उलटतो. तेथे मुलाचे निरीक्षण शिक्षकाच्या ज्ञानाच्या बरोबरीला येऊन बसते. समतेवर आम्ही व्याख्याने पुष्कळ दिली. सात वर्षांच्या मुलाला तिचा अनुभव देणारी याहून सोपी जागा आम्हास अजून सापडलेली नाही.

तेच पुस्तक मुले पुन्हा पुन्हा मागतात, याचा मोठ्यांना कंटाळा येतो. परंतु मुलासाठी ती पुनरावृत्ती नसते. पहिल्या वेळी त्याला गोष्ट कळते, दुसऱ्या वेळी कोपऱ्यातला बेडूक दिसतो, तिसऱ्या वेळी पुढच्या पानावर काय होणार हे तो आधीच सांगतो आणि चौथ्या वेळी तो पुस्तक आपल्या हातात घेऊन आपणास वाचून दाखवितो. पाने उलटणारा हात बदलला, की वाचक जन्माला आला असे समजावे.

याला संशोधनाचाही आधार आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी महिनाभर मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखविली. एका गटाला मात्र एवढेच शिकविले होते की नुसते वाचू नका. हे काय आहे, तो काय करतो आहे, पुढे काय होईल, असे मोकळे प्रश्न विचारा, मुलाचे उत्तर ऐका आणि त्यात थोडी भर घालून ते परत सांगा. महिनाअखेर या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढे होती. दोन्हींकडे पुस्तके होती आणि वाचणेही होते. फरक पडला तो मुलाचे म्हणणे ऐकून घेतल्याने.

आता आक्षेपांकडे वळू. पालकसभेत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एका वडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, "सर, आमच्या पोरांना चित्रं बघत बसायला वेळ कुठाय? त्यांना स्पर्धेत उतरायचंय." या बोलण्यामागची तळमळ आम्ही जाणतो. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना प्रत्येक तास मोलाचा वाटतो. चित्र म्हणजे चैन, अक्षर म्हणजे भाकरी, अशी वाटणी आपल्या मनात होऊन बसली आहे. पण अक्षराची गोडी लागण्याआधीच ज्याच्या पाठीवर अक्षराचे ओझे पडते, ते मूल परीक्षेपुरते वाचते आणि परीक्षा संपताच पुस्तक मिटते. पदवी घेतलेले, परंतु वर्षाकाठी एकही पुस्तक न वाचणारे आपल्या समाजात आज किती आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या घरात डोकावून पाहावे.

दुसरा आक्षेप भ्रमणध्वनीचा. तेथे हलती-बोलती चित्रे फुकट मिळतात, मग छापील पुस्तक कशाला? मुलासमोर मोबाइल ठेवताना मोठ्या माणसाची सुटका होते. त्यासाठीच तर तो बहुधा ठेवला जातो. चित्रपुस्तक वाचताना मात्र मोठ्या माणसाला तेथे बसावेच लागते. पडद्यावरचे चित्र मुलासाठी थांबत नाही. पानावरचे चित्र मुलाचे बोट उठेपर्यंत थांबते. स्टोरीवीव्हरसारख्या मुक्त संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात, हे खरे आणि स्वागतार्हही आहे. परंतु तेथेही मुलाच्या शेजारी बसणारा कोणीतरी लागतोच.

तिसरा आक्षेप आमचा स्वतःचा होता आणि तो सांगताना संकोच वाटतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत असताना, तेथे अनुदानातून आलेली सुंदर सचित्र पुस्तके होती. मुले फाडतील म्हणून ती कपाटात कुलूपबंद होती आणि कपाटाची किल्ली आमच्याकडे होती. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडली जात व सायंकाळी मोजून परत ठेवली जात. एकदा तिसरीतल्या एका मुलीने त्यांतले एक उघडले. ती अक्षरे सोडून चित्रेच पाहत आहे, असे दिसताच आम्ही पुस्तक तिच्या हातून घेतले आणि म्हणालो, "आधी वाचायला शीक, मग चित्रं बघ." तिने निमूटपणे हात मागे घेतला. पुढल्या वर्षी ती शाळेत आली नाही. त्यामागे इतर कारणे असतील, होतीच. तरीही तो मागे घेतलेला हात आम्हास आजवर दिसतो. कुलूप लावण्याचे काम आपल्या समाजाबाबत शतकानुशतके इतरांनी केले. त्या दिवशी ते आम्ही केले.

येथे एक प्रश्न अपरिहार्यपणे येतो: या पुस्तकांत चित्र कोणाचे आहे?

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी आपल्या बालपणीच्या शाळेची हकिकत लिहिली आहे. बसायला त्यांचे गोणपाट वेगळे होते. शाळा झाडणारा नोकर त्याला स्पर्श करीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. आज आपल्या मुलांना कोणी वेगळ्या गोणपाटावर बसवत नाही. परंतु पुस्तक उघडल्यावर त्यातल्या घरात, अंगणात, शाळेत, जेवणाच्या ताटात आपल्यासारखे कोणीच दिसत नसेल, तर ते मूल न सांगताच समजून घेते की हे जग आपल्यासाठी रंगविलेले नाही. गोणपाट दिसत नाही, एवढेच.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या अभ्यासिकेने तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली मुलांची ५,२०६ पुस्तके तपासली आणि १९६५ साली निष्कर्ष मांडला. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सातांहूनही कमी, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. त्याच्या थोडे आधी, १९६२ साली, एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' प्रसिद्ध झाले होते. पीटर नावाचा एक लहान कृष्णवर्णीय मुलगा लाल पोशाख घालून बर्फात खेळतो, पावलांचे ठसे उमटवितो आणि एक बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो, एवढीच ती गोष्ट. कीट्स यांनी १९४० साली एका नियतकालिकातून एका कृष्णवर्णीय बालकाची छायाचित्रे कापून ठेवली होती. ती त्यांनी वीस वर्षे सांभाळली आणि त्यांतून पीटर साकारला. १९६३ साली या पुस्तकाला अमेरिकेतील चित्रपुस्तकांचा मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. पीटरवर पुस्तकात कोणताही अन्याय होत नाही आणि तो कोणताही पराक्रमही करीत नाही. तो खेळतो. आपल्या मुलांना पुस्तकात खेळताना पाहण्याचा हक्क किती मोठा आहे, हे ध्यानात येण्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे. पुढे १९९० साली रुडीन सिम्स बिशप या विदुषीने मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याला. आपल्या मुलांच्या वाट्याला आजवर खिडक्याच अधिक आल्या.

आपल्याकडेही काम झाले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून आणि चितारून मुलांच्या नित्याच्या जगण्याला पुस्तकात जागा दिली. 'राधाचं घर'मधली आजी, आजोबा, काका ही माणसे उपदेश करीत नाहीत. ती घरात वावरतात. महाश्वेतादेवींनी रंगविलेली शबर समाजातील मोयना ही मुलगी प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारते आणि मालकाचे उष्टे आपण का खायचे, हेही विचारते. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने २००८ साली 'डिफरंट टेल्स' ही मालिका आणली. त्यात उपेक्षित समाजांतील मुलांचे घर, अन्न आणि शाळा जशी आहे तशी आली. २०११ साली निघालेल्या 'भीमायन' या पुस्तकात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचे जीवन आपल्या शैलीत चितारले. त्यात कठोर बोलणाऱ्यांच्या शब्दांभोवतीच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे आणि मृदू बोलणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याचा आकार. आमच्या सातवीच्या मुलांपुढे हे पुस्तक ठेवले, तेव्हा कोणाच्या शब्दांना नांगी आहे आणि का, यावर अर्धा तास चर्चा झाली. जातिव्यवस्थेवरचा आमचा कोणताही तास इतका जिवंत झाला नव्हता.

तरीही आपली वस्ती, आपले विहार, फडावरची कोपी, गावाबाहेरची विहीर, चौदा एप्रिलच्या आदल्या रात्रीची लगबग हे सारे ज्यात सहजपणे, गाजावाजा न करता आले आहे, अशी मराठी चित्रपुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच आमच्या पाहण्यात आली. बाबासाहेबांची चरित्रे मुलांना देणे आवश्यकच आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला महापुरुषाइतकीच आपल्यासारख्या मुलाची गोष्ट हवी असते.

शेवटचा मुद्दा पालकांचा. आम्ही पालकांना मुलांसोबत वाचा असे सुचवितो, तेव्हा अनेक माता खाली पाहतात. एक माय एकदा म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय, सर?" आम्ही तिच्या हाती शब्द नसलेल्या चित्रांचे एक पुस्तक दिले. बाजाराचे चित्र होते. ती भाजीची पाटी घेऊन आयुष्यभर बाजारात बसलेली. तिने त्या एका चित्रावर मुलीला जे सांगितले, कोणते गिऱ्हाईक घासाघीस करणार, कोणत्या पाटीखाली ओले फडके असणार, पाऊस आला तर आधी काय झाकणार, ते कोणत्याही लेखकाला सुचले नसते. मुलगी आईकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर आम्ही विसरणार नाही. अक्षरांच्या पुस्तकासमोर निरक्षर ठरणारी आई चित्राच्या पुस्तकासमोर जाणकार ठरते. पहिल्या पिढीच्या शिक्षणात मूल जसजसे शिकते, तसतसे ते आईबापापासून दुरावते, हे दुःख आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. चित्रपुस्तक त्या दोघांना पुन्हा एका सतरंजीवर आणते.

आमची स्वतःची आईही निरक्षर होती. घरात पुस्तक नव्हते. भिंतीवर बाबासाहेबांची एकच तसबीर होती आणि त्यांच्या हातात ग्रंथ होता. आम्ही आईला विचारत असू, "बाबांच्या हातात कोणतं पुस्तक आहे?" ती रोज वेगळे उत्तर देई. कधी ते कायद्याचे पुस्तक असे, कधी बुद्धाचे, कधी पहिलीचे. एकदा ती म्हणाली, "तू लिहिशील ते." आमचे पहिले चित्रपुस्तक ते. एकाच पानाचे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही सूचना संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे नम्रपणे ठेवतो.

माजी विद्यार्थी संस्थेला कमान, पंखे, पाण्याच्या टाक्या देतात. त्यांचे ऋण आहेच. यंदा प्रत्येकाने त्यासोबत पाच चित्रपुस्तके द्यावीत, आणि जमल्यास एक दिवस येऊन ती मुलांच्या शेजारी बसून वाचावीत. पुस्तके उघड्या फळीवर, पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत. काही फाटतील. ती चिकटविण्याचे कामही मुलांनाच द्यावे. वर्षभरात एकही पान न फाटलेले पुस्तक दिसले, तर ते कोणी उघडलेलेच नाही असे समजावे.

वसतिगृहात सायंवंदनेनंतर आणि जेवणाच्या घंटेपूर्वी अर्धा तास राखून ठेवावा. मोठ्या मुलांनी लहानांना घेऊन वाचावे. यातला एक लाभ आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. सहावीत येऊनही अडखळत वाचणाऱ्या एका मुलाला सोपे पुस्तक हाती घेण्याची लाज वाटे. त्याला आम्ही पहिलीच्या दोन मुलांना वाचून दाखविण्याचे काम दिले. आता ते सोपे पुस्तक त्याच्यासाठी नव्हते, लहानांसाठी होते. रात्री तो दिव्याखाली बसून त्याची तयारी करू लागला. वर्षाच्या शेवटी तो त्याच्या पाठ्यपुस्तकातला धडा न अडखळता वाचू लागला. आम्ही त्याला वाचायला शिकविले नाही. त्या दोन चिमुकल्यांनी शिकविले.

पालकभेटीच्या दिवशी गुणपत्रक दाखविण्याआधी सतरंजी अंथरावी. प्रत्येक आईबापाच्या हाती एक चित्रपुस्तक द्यावे आणि मुलाला शेजारी बसवावे. गुणांची चर्चा नंतरही होऊ शकते. आणि मुलांनी आपल्या वस्तीची, आपल्या घराची, आपल्या माणसांची चित्रे काढून, दोऱ्याने शिवून, स्वतःची पुस्तके करावीत. मराठीत जी पुस्तके आम्हास मिळाली नाहीत, त्यांची पहिली प्रत आपल्या शाळेच्या फळीवर असावी.

अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा राहिलेला तो मुलगा आता मोठा झाला आहे. नोकरी करतो. मागील वर्षी पत्नी आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तो शाळा दाखवायला आला होता. वाचनालयातल्या सतरंजीवर बसून त्याने मुलीला मांडीवर घेतले आणि फळीवरचे एक पुस्तक उघडले. आम्ही दारातून पाहत होतो. पहिल्याच पानावर मुलीने बोट ठेवले आणि काहीतरी विचारले. त्याने उत्तर दिले नाही. तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" आणि पान न उलटता थांबून राहिला.